पंखा चालू होता

रंगनाथरावांनी आयुष्यभर पत्रं लिहिली, पण त्यांतल्या एकाही पत्राखाली त्यांची सही नव्हती. पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. मसुदा त्यांचा आणि सही साहेबांची, अशीच सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या सदरासाठी त्यांनी चार-सहा पत्रं लिहिली. एक फुटपाथवर लावलेल्या स्कूटरींबद्दल होतं, एक सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्यांबद्दल. ती पाकिटात घातली, तिकिटं लावली आणि कपाटात ठेवून दिली. "पोस्टाची पेटी चालत घरी आली की टाकणार आहेत," असं विमलाबाई आल्यागेल्याला सांगत.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरी एक जुना लॅपटॉप होता. मुलगी सृष्टी नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तो इथेच टाकून गेली. तो इतका संथ झाला होता की सुरू केल्यावर मधे चहा करून प्यायला वेळ मिळे. वरच्या मजल्यावर प्रियदर्शनी नावाची अकोल्याची मुलगी भाड्याने राहत असे. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कामाला होती. तिने एका रविवारी बसून त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली घालून दिली. "काका, मशीन अजून चांगली हाय. तुम्ही तिला उगीच म्हातारी म्हणून राहिले," असं ती म्हणाली आणि खरोखरच लॅपटॉप पळायला लागला.

रंगनाथरावांना त्यावर एक काम मिळालं. येरवड्याच्या बाजूला कमी दिसणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथल्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्या अक्षरांत टाइप करून द्यायची. हे काम ते रोज सकाळी देवपूजा झाली की जेवणापर्यंत करत. जेवण झालं की झोपत. मशीन तसंच उघडं राही, चार्जरला जोडलेलं. उठल्यावर चहा घेऊन पुढचं पान.

लॅपटॉपची बॅटरी जुनी, चार्जर काढला की जेमतेम तासभर टिकणारी. म्हणून प्रियदर्शनीने पडद्याच्या कोपऱ्यात एक अ‍ॅप्लेट बसवून दिलं होतं. अ‍ॅप्लेट म्हणजे बॅटरीचं एक छोटं चित्र. बॅटरी किती उरली ते दाखवायचं, चार्जर निघाला तर सांगायचं, पडदा मंद करायचा आणि फारच कमी उरली तर मशीन झोपवायचं, एवढंच त्याचं काम. चित्रावर टिचकी मारली की दिवसभराचा आलेखही दिसे. रंगनाथरावांना तो आलेख पाहायला आवडे. धरणाच्या पाण्याच्या पातळीचे असले आलेख त्यांनी खूप पाहिले होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भानगड सुरू झाली. ते झोपून उठत तेव्हा मशीन बंद पडलेलं असे. सुरू केलं की चार्जिंग व्यवस्थित चालू. पण सकाळचं जे पान सेव्ह करायचं राहिलं असेल ते गेलेलं. एकदा गेलं, दोनदा गेलं. तिसऱ्यांदा चौथीच्या परिसर अभ्यासातलं नदीचं अख्खं पान गेलं तेव्हा त्यांनी आलेख उघडला. रेघ दुपारी जेवणानंतर उतरायला लागत होती ती थेट तळाला. जणू कुणी चार्जर काढलाय.

चार्जर कुणी काढला नव्हता. तो बोर्डात होता तसाच होता. वीज गेली म्हणावी, तर ते झोपले होते तिथे डोक्यावर पंखा फिरत होता. प्रियदर्शनीने संध्याकाळी येऊन पाहिलं, स्वतःचा चार्जर लावून पाहिला. सगळं ठीक. मग ती म्हणाली, काका, हे त्या अ‍ॅप्लेटवाल्यांनाच कळवा, तिथे अभिप्राय द्यायची सोय असते.

तिने ते पान उघडून दिलं. जगभरच्या लोकांनी तिथे लिहिलं होतं. कुणाला चित्राचा रंग आवडला नव्हता, कुणी नुसतेच आभार मानले होते, कुणी तावातावाने भांडत होतं. रंगनाथरावांना ते वाचकांच्या पत्रांच्या सदरासारखं वाटलं, फक्त इथे संपादक लगेच उत्तर देत होता. संपादक म्हणजे हेल्गे नावाचा नॉर्वेतला एक गृहस्थ. शाळेत शिकवायचा आणि फावल्या वेळात हे अ‍ॅप्लेट सांभाळायचा.

रंगनाथरावांनी दोन दिवस इंग्रजी मसुदा केला. सरकारी वळणाचाच झाला. मशीनचा प्रकार, प्रसंग, केलेली तपासणी, आणि शेवटी एक वाक्य: घटना घडली तेव्हा खोलीतला पंखा चालू होता. खाली नाव, गाव पुणे. आणि प्रियदर्शनी समोर उभी होती म्हणून केवळ, ते पाठवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हेल्गेने लिहिलं होतं की इतका नीट लिहिलेला अभिप्राय त्याला फार दिवसांनी मिळाला, आणि पंख्याचं वाक्य तर फारच मोलाचं आहे. रंगनाथरावांनी ते उत्तर विमलाबाईंना मराठीत सांगितलं. "पंख्याचं कौतुक आहे, तुमचं नाही," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी हे गृहस्थ मंडईपर्यंत पायी गेले आणि येताना न सांगता कोथिंबीर घेऊन आले.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. हेल्गे हे तपासा, ते तपासा म्हणे आणि रंगनाथराव तपासून कळवत. महिनाभराने हेल्गेने निष्कर्ष काढला. या जातीचं जुनं मशीन मधूनच खोटं सांगतं की चार्जर निघाला. तेव्हा अशा मशीनवर अ‍ॅप्लेटने ती बातमी मानायचीच नाही. इशारा नाही, पडदा मंद करणं नाही, काही नाही. येत्या शनिवारी हा बदल सगळ्यांसाठी जाणार होता.

त्यावर पोर्तुगालमधल्या एका बाईंनी हरकत घेतली. त्यांचंही मशीन याच जातीचं होतं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भाषांतराचं काम करत आणि त्यांचा धाकटा मुलगा धावताना वायर ओढून जाई. माझं मशीन तर खरं सांगतं, त्यांनी लिहिलं, इशारा बंद केलात तर माझं काम बुडेल. हेल्गेने उत्तर दिलं होतं: पुण्याच्या रंगनाथ यांनी महिनाभर निरीक्षण केलं आहे, ते काळजीपूर्वक पाहणारे आहेत, माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

हे वाक्य रंगनाथरावांनी किती वेळा वाचलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. विमलाबाईंना मात्र त्यांनी ते सांगितलं नाही.

हेल्गेने नवी आवृत्ती त्यांना आधी वापरून पाहायला पाठवली आणि एक विनंती केली. एखाद्या दुपारी मशीनसमोर बसून राहाल का, म्हणजे नेमकं काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. इतके दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं. दुपारी झोपायचं नाही ही गोष्टच रंगनाथरावांना मुळात सुचण्यासारखी नव्हती.

सोमवारी जेवण झाल्यावर ते आत गेलेच नाहीत. पुढच्या खोलीत खुर्चीत बसून राहिले. खिडकीवर जाड पडदा ओढलेला होता. खाली रस्तासुद्धा गप्प होता, दुकानांचे दरवाजे अर्धे ओढलेले. मशीनची वायर भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या बोर्डापर्यंत गेली होती, कारण पुढच्या खोलीतल्या बोर्डात पीन सैल बसे. आत भांडी विसळल्याचा आवाज थांबला. ओटा पुसला गेला. विमलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि न पाहताच बोर्डावरून हात फिरवला. मिक्सरचं बटण, पाण्याच्या फिल्टरचं बटण, आणि तिसरं. टक, टक, टक.

रंगनाथरावांनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातलं चित्र मख्खपणे सांगत होतं की चार्जिंग चालू आहे. शेजारचा आकडा मात्र एकाने उतरला. थोड्या वेळाने आणखी एकाने.

"अगं, ते बटण का बंद केलंस?"

विमलाबाई दचकल्या. "झोपला नाहीत होय? बरं नाही का?"

"बटण का बंद केलंस?"

"वापर झाला की बंद करायचं. मिक्सरचं करते, गीझरचं करते, तुमच्या मोबाईलचंही करते. उन्हाळ्यात वायरी तापतात." त्या सहज म्हणाल्या. "आणि चहा टाकताना परत लावते ना मी, तुम्हाला उठल्यावर लागतं म्हणून."

म्हणजे पुरावा रोज घडत होता आणि रोज चहाबरोबर पुसला जात होता.  रंगनाथरावांना आधी हसू आलं, मग हेल्गे आठवला. नॉर्वेतला एक माणूस महिनाभर शाळेच्या वह्या बाजूला सारून डोकं फोडत होता, ते या बोर्डावरच्या एका बोटासाठी.

यापुढे तिसऱ्या बटणाला हात लावायचा नाही एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मंगळवारी दुपारी मशीन बंद पडलं नाही. बुधवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी हेल्गेचा प्रश्न आला, नव्या आवृत्तीने फरक पडला का?

फरक पडला होता. तसं लिहिलं तर ते खोटंही नव्हतं. रंगनाथरावांनी टाइप केलं, होय, आता ठीक आहे. आणि थांबले. एवढं पाठवलं की प्रकरण मिटत होतं. हेल्गेला समाधान, आपलं नाव तसंच, कुणाला कधी काही कळलं नसतं. खात्यात असल्या मसुद्यावर साहेबाने डोळे मिटून सही केली असती. पण हा मसुदा साहेबाचा नव्हता, आणि वरती पोर्तुगालच्या बाईंचा मजकूर तसाच दिसत होता. मुलगा धावेल, वायर निघेल, चित्र सांगत राहील की चार्जिंग चालू आहे. पान गेल्यावर कसं वाटतं हे रंगनाथरावांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी प्रियदर्शनी डबा परत द्यायला आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात. तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन ती म्हणाली, "काका, पण त्या माणसाला हे सुचणारच नव्हतं. मी जर्मनीत सहा महिने होती ना, तिथे भिंतीवर बटणच नसते. पीन खोचली की करंट. त्याला वाटून राहिलं असेल, पीन लावली हाय म्हणजे वीज हायच."

विमलाबाई आतून ऐकत होत्या. एवढा वेळ आपल्याविषयी चाललंय हे त्यांना तिथे उमगलं. त्या बाहेर आल्या, मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि अर्धवट टाइप केलेल्या ओळीकडे बोट करून त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय. रंगनाथरावांनी सांगितलं.

"मग खरं ते लिहा. बायको बटण बंद करते म्हणून लिहा. मला काही त्याच्याकडे सोयरीक करायची नाही."

"लोक हसतील गं."

"हसू देत. की हेही पाकीट कपाटात ठेवायचंय?"

रंगनाथराव त्या रात्री लवकर झोपले आणि शुक्रवारी पूजा बाजूला ठेवून लिहायला बसले. मसुदा या वेळी सरकारी झाला नाही. आमच्याकडे भिंतीवर प्रत्येक पिनेला बटण असतं, त्यांनी लिहिलं. माझी पत्नी काम झालं की ते बंद करते आणि मी उठायच्या आत चालू करते. तिचं बरोबर आहे, मशीनचंही बरोबर होतं, चूक मी न पाहता लिहिलं त्याची आहे. पोर्तुगालच्या बाईंची हरकत योग्य आहे. कृपा करून हा बदल करू नये. मोबाईलवर बोर्डाचा फोटो काढून सोबत जोडला. फोटोत विमलाबाईंचं बोटही आलं होतं. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, प्रियदर्शनी तेव्हा ऑफिसात होती.

दिवसभर काही उत्तर नाही. रंगनाथरावांना जेवण गेलं नाही, झोपही आली नाही. पुन्हा त्या पानावर तोंड दाखवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

उत्तर रात्रीच्या जेवणाआधी आलं. हेल्गेने लिहिलं होतं की फोटो तो बराच वेळ पाहत बसला होता. भोकांशेजारची ती पांढरी पट्टी म्हणजे बटण, हे आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. बदल त्याने मागे घेतला होता. आणि आता त्याला कळलं होतं की गेल्या वर्षी इंदूरहून आणि चेन्नईहून आलेल्या दोन तक्रारींचा उलगडा त्याला का झाला नव्हता. तेव्हा चार्जर निघाल्याचा इशारा येतो त्यात एक ओळ वाढवायचं ठरलंय. मराठीतली ओळ आपण द्याल का? आपल्या पत्नीला माझा नमस्कार. त्याखाली पोर्तुगालच्या बाईंनी फक्त आभार मानले होते.

ती एक ओळ करायला रंगनाथरावांना अख्खा शनिवार लागला. 'कृपया विद्युतपुरवठा तपासावा' असं आधी लिहिलं. विमलाबाई म्हणाल्या, हे वाचून कुणी जागचं उठणार नाही. शेवटी ठरलं ते असं: 'चार्जरला वीज मिळत नाही. भिंतीवरचं बटण चालू आहे ना?'

काही दिवसांनी ती आवृत्ती त्यांच्या मशीनवर आली. पहिल्या दुपारी रंगनाथराव नेहमीसारखे आत जाऊन आडवे झाले. पंखा फिरत होता. डोळा लागत असतानाच बाहेर ओटा पुसल्याचा आवाज थांबला आणि मग बोर्डावरचे आवाज आले. टक, टक, टक. सवयीचा हात, त्याला कोण काय सांगणार. ते उठणार होते, पण उठले नाहीत. पुढच्या खोलीत मशीनने इशाऱ्याचा बारीक आवाज केला. थोड्या वेळाने चपलांशिवायची पावलं टेबलापर्यंत गेली, तिथे थांबली, परत आली.

टक.

चार वाजता चहाचा कप पुढे ठेवताना विमलाबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या नॉर्वेच्या माणसाला कळवा. वाचलं म्हणावं मी."