पांढरा सदरा आणि दोन पातळ हात

पिंकीच्या लग्नातला तो सदरा तिरोडीत अजून कुणी विसरलेलं नाही. बिदाईच्या वेळी पिंकी बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि बाजूला झाली तेव्हा बापाच्या खांद्यावर तिचं नाक, ओठ आणि एक अख्खा गाल उमटलेला होता. बौद्धांचं लग्न, म्हणजे नवरीची साडी पांढरी, बापाचा सदरा पांढरा, आणि सगळा कार्यक्रम भर दुपारच्या उजेडात. लपवायचं तरी कुठे! पोरांनी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो बालाघाटभर फिरला. पिंकीचा मेकअप करणारी संघमित्रा तेव्हा मांडवाच्या कनातीआड ब्रशांची पेटी छातीशी धरून रडत बसली होती.

संघमित्रा म्हणजे बालाघाटच्या तेजराम पेंटरची पोरगी. गोंदियाला जाऊन मेकअपचा क्लास केलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर, वरची पाटी बापानंच हौसेनं रंगवलेली. पण त्या लग्नानंतर बाया यायच्या त्या फक्त भुवया कोरायला. नवरी म्हणून कुणी फिरकेना. संघमित्राला तर नवऱ्याच सजवायच्या होत्या, लहानपणापासून तेवढं एकच वेड. भुवया कोरता कोरता तिचं तोंड आंबट होऊन गेलं होतं.

वर्षभरानं पिंकीची मामेबहीण अपेक्षा दारात आली. सोबत आत्या, म्हणजे पिंकीची आई चंपाबाई. ती उंबऱ्याच्या आतसुद्धा आली नाही.

"ताई, माहा मेकअप तूच करजो," अपेक्षा म्हणाली.

"अवं पोरी, डोकं फिरलं का तुहं?" चंपाबाई बाहेरूनच कडाडली. "माह्या पोरीच्या लग्नात काय झालं, पाह्यलं नाही का तू?"

"पाह्यलं नं. पण इतक्या वर्सापासून माह्या भुवया ताईच करते. हात हलका आहे तिचा. मले दुसरी नाही पाह्यजे."

"कर बाप्पा तुह्या मनाचं! पण आइक गं संघमित्रा, माह्या भावाच्या सदऱ्याले येवढासा डाग जरी लागला, तं तुह्या दुकानाची पाटी मी सोता उतरवीन."

आणि चंपाबाई बोलली म्हणजे करणारच. तरी संघमित्राच्या तोंडातून निघालं ते "हौ."

त्या दिवसापासून तिनं स्वतःच्याच चेहऱ्यावर प्रयोग मांडले. क्लासमध्ये शिकवलेला तो चपटा ब्रश. फाउंडेशन झरझर पसरवतो खरा, पण मागे केसांच्या रेघा सोडत जातो. रेघ बुजवायला अजून थोडं लाव, ती बुजली की शेजारची दिसते, मग तिच्यावर अजून थोडं. पिंकीच्या वेळी हेच तर झालं होतं! सगळं लावून झालं की ती उठायची आणि चहा पीत बसलेल्या बापाच्या पांढऱ्या बनियनवर गाल दाबायची. डाग. दुसऱ्या दिवशी दुसरी बनियन, पुन्हा डाग. आई धुऊन धुऊन थकली. "बापलेकीनं मिळून माहा जीव घ्याचं ठरवलं का?" असं म्हणत तिनं एक दिवस साबणच फेकून दिला.

बाप मात्र बनियनकडे पाहत नव्हता, पोरीच्या हाताकडे पाहत होता. आयुष्यभर मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या क्वार्टरांना रंग दिलेला माणूस तो.

"बेटा, तू रंग देऊन नाही राह्यली, चुना फासून राह्यली," तो एका संध्याकाळी म्हणाला. "तेलकट भिंतीवर रंग बसते का कधी? आधी भिंत धुवा लागते. मंग एक पातळ हात माराचा. वाळू द्याचा. मंग दुसरा पातळ हात. घाईघाईनं एकच जाड हात मारला, का पोपडा धरलाच समज."

"बाबा, ही भिंत नोहोय, माणसाचं तोंड आहे!"

"तं मंग अजून पातळ मार."

संघमित्रा चिडली, फणफणली, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि दुकानदार वैतागेपर्यंत एकेक ब्रश मनगटावर दाबून पाहत बसली. एक टोचत होता, दुसऱ्याचे केस हातात येत होते, तिसरा इतका भुसभुशीत, की पावडरीशिवाय कशाच्याच कामाचा नाही. शेवटी एक सापडला. आखूड, दाट केसांचा, वरून गोलसर सपाट. दाबला की मऊ लागायचा आणि सोडला की पुन्हा ताठ. नाकाच्या कडेसाठी त्याचंच एक लहान भावंड तिनं घेतलं. आता फाउंडेशनचा थेंब चेहऱ्यावर नाही, हाताच्या पाठीवर. ब्रश त्याला नुसता टेकवायचा, आधी गालावर ठोकत जायचं, मग बारीक गोल फिरवायचं, ओढायचं म्हणून नाही. काम झालं की ब्रश शाम्पूनं धुऊन केस खाली करून टांगायचे. उभे ठेवले तर पाणी मुळात उतरतं आणि केस गळतात, हे तर पेंटरच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि एका संध्याकाळी बापाची बनियन कोरी निघाली. आई धावत आली, बनियन उलटीपालटी करून बघितली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

लग्नाच्या सकाळी संघमित्रा अपेक्षाच्या घरी पोहोचली आणि तिचं तोंड पाहून दारातच थबकली. आदल्या संध्याकाळी आत्या-मावश्यांनी हौसेनं तेलात कालवलेली हळद थापली होती. कातडी पिवळी आणि तुपासारखी चकचकीत. पिंकीच्या वेळी असल्याच तेलावर तिनं थर चढवले होते.

"आधी भिंत धू," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कोमट पाण्याचं फडकं घेऊन बसली. धुवून, टिपून, कूलरसमोर वाळवून झालं तेव्हा कुठे ब्रश बाहेर आला.

"थोडी गोरी कर व तिले. पांढऱ्या साडीवर उठून दिसन," मागे बसलेली चंपाबाई म्हणाली.

"नाही आत्याबाई. तोंड गोरं अन् मान सावळी, असं पांढऱ्या साडीत लपत नाही. अपेक्षा जशी आहे तशीच सोन्यासारखी दिसन." बोलतानाही तिचा हात थांबला नाही. एक पातळ हात. मग वाट पाहणं. मग दुसरा, तोही जिथं लागेल तिथंच. वरून पावडर, घासून नाही, दाबून.

चंपाबाई जवळ येऊन डोळे बारीक करून बघत राहिली. "लावलं का नाही काही? मले तं दिसूनच नाही राह्यलं!"

दुपारी त्रिसरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीतली सावळी अपेक्षा अशी झळकत होती, की राजेगावहून आलेल्या वऱ्हाडातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पण संघमित्राचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला भीती होती ती बिदाईची.

आणि ती वेळ आलीच. अपेक्षा बापाच्या, खेमराजच्या, गळ्यात पडली आणि जी रडली, जी रडली, की खेमराजलाही उभं राहवेना. इकडे मांडवातली अर्धी माणसं मात्र त्याच्या खांद्याकडे डोळे लावून बसलेली. दोन पोरांनी तर मोबाइल आधीच वर धरलेले. संघमित्रानं डोळे मिटून घेतले.

अपेक्षा बाजूला झाली. चंपाबाई पुढे झाली, भावाला दंडाला धरून उन्हाकडे वळवलं. खांदा आसवांनी चिंब भिजला होता. डाग मात्र नव्हता, नावालासुद्धा नाही. तिनं बोटानं चोळून पाहिलं. बोटही कोरंच.

"अव्व माय!" ती ओरडली, आणि खेमराजला तसाच धरून मांडवभर फिरवू लागली. "पाहा व, पाहा! तुम्ही पाहा! काढा व्हिडिओ, आता काहून नाही काढून राह्यले रे?" मांडव हसला, टाळ्या पडल्या. मागे उभ्या तेजराम पेंटरनं डोळे पुसले आणि "बारीक हात आहे पोरीचा," असं शेजारच्याला उगाचच दोनदा सांगितलं.

भाऊ सोडून चंपाबाई संघमित्रासमोर येऊन उभी राहिली. आवाज एकदम खाली आला होता.

"माह्या धाकटीचं लगन आहे पुढच्या साली. तुले तिरोडीले यावं लागते."

तिरोडी! जिथं कनातीआड रडली, त्याच गावी! संघमित्रानं ब्रशांची पेटी काखेत मारली आणि मान ताठ केली.

"येईन आत्याबाई. पण हळदीत तेल नाही घालाचं."

"हौ माय," चंपाबाई म्हणाली, "तू म्हणशील तसं."