गोदाआक्काची हमी

गोदाआक्का सगळ्यांना अरे-तुरे करायच्या. नगरसेवकाला, टँकरच्या ड्रायव्हरला, बँकेतल्या साहेबाला, जावयालासुद्धा. मला 'मॅडम' म्हणायच्या, पण तेही अगं-तुगं करतच. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "काय रे, पोट लई सुटलं तुझं," आणि तो हात जोडून हसला होता. पण कधी एखाद्याला त्या "या, बसा, आपण चहा घेणार का?" असं म्हणाल्या, की गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. त्या माणसाचं आता काही खरं नाही, हे सगळ्यांना कळायचं.

पडेगावात राहायला आले त्याच वर्षी मी हे पाहिलं. नळ येणार, नळ येणार म्हणून एका एजंटाने आम्हाला प्लॉट विकले होते. आक्कांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तुम्ही-आपण केलं. त्यानंतर त्याचं नवं गिऱ्हाईक प्लॉट बघायला आलं, की आक्का रिकामी घागर घेऊन नेमक्या त्याच प्लॉटवर जाऊन बसायच्या. गिऱ्हाइकाने विचारलं तर शांतपणे सांगायच्या, "काय नाय बाबा, नळाची वाट बघती. तीन वर्सं झाली." दिवाळीच्या आत एजंटाने पडेगाव सोडलं.

आक्का मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. दुष्काळात चारा आणि पाणी दोन्ही संपलं, सासऱ्यांनी कळप विकला आणि हे कुटुंब शहराच्या कडेला आलं. नवरा नव्या इमारतींवर वॉचमन, दारात चार शेळ्या. शहर दौलताबाद रोडने आमच्याकडे सरकत होतं. पाणी मात्र सरकत नव्हतं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते. पाण्याअभावी तिथल्या पाळ्या कमी झाल्या आणि माझे आठवड्यातले निम्मे दिवस रिकामे पडले. रिकामं बसणं मला जमत नाही. काय काय करता येईल याची यादी केली आणि त्यातून निखिल सरांच्या क्लासला गेले.

क्लास गुलमंडीत, कापडाच्या दुकानाच्या वर. निखिल सर अठ्ठावीस-तीस वर्षांचे, उन्हाळ्यातही ब्लेझर. ते अॅफिलिएट मार्केटिंग शिकवायचे. म्हणजे आपण एखादी वस्तू सुचवायची, खाली लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की कंपनी आपल्याला कमिशन देणार. मला नियोजन जमतं, बोलणं जमत नाही. गल्लीत बोलणारी एकच बाई होती. मी आक्कांना घेऊन गेले.

"आपलं दुकान नाय, माल नाय, आन् पैसं कसलं?" आक्कांनी भर क्लासात विचारलं.

"तुमच्या शब्दाचे, आक्का," निखिल म्हणाला. "लोग आप पे भरोसा करते हैं ना? बस."

"शब्दाचं पैसं घेत्यात व्हय रे?" आक्का हसल्या. पण त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीच आम्ही पेज सुरू केलं. बोलायचं त्यांनी, फोन धरायचा मी. पेज उघडायची वेळ आली तेव्हा निखिल म्हणाला, "मॅडम, सेटिंग तुम्हाला जमणार नाही, मी करून देतो." त्याने ते स्वतःच्या नंबरवरून उघडलं. मी कारखान्यात साध्या बिजागऱ्यासुद्धा सही घेतल्याशिवाय देत नव्हते. पेज मात्र दुसऱ्याच्या नावावर चालू दिलं. नवशिक्याची पहिली चूक ही. बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातून निघाल्या.

पहिला व्हिडिओ पाण्याच्या ड्रमचा होता. आक्का दोन वर्षं तोच वापरत होत्या. त्यांनी ड्रमवर बुक्की मारली, ड्रम पालथा केला आणि शेवटी त्यावर बसल्या. "ह्यो बघा. मी बसली तरी दबत नाय. माझ्यापेक्षा जड सासू कुणाची आसंल तर सांगा." त्या उन्हाळ्यात घरोघर पाणी साठवायची मारामार होती. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. मग बादलीचा व्हिडिओ झाला, चाळणीचा झाला. सगळ्या त्यांच्या घरातल्याच वस्तू. बायका रस्त्यात थांबवून विचारायच्या, "आक्का, आता काय घेऊ?" निखिल प्रत्येक नव्या बॅचला आमचं पेज पडद्यावर दाखवायचा. पडेगावच्या बाईला मी कुठे नेलं बघा, असं सांगायचा.

मग एक दिवस तो फिल्टरचा खोका घेऊन आला. ड्रममध्ये काही सुटत नाही, फिल्टरवर कमिशन मोठं आहे, म्हणाला.

"चांगला हाय का पण?"

"टॉप आहे, आक्का. टेन्शन नहीं लेने का."

खोका बंदच होता. तो मांडीवर घेऊन आक्का कॅमेऱ्यात बघून बोलल्या, "घ्या. माझी हमी." मी फोन धरला होता. उघडून बघू, असं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. भांडं वाळलं की त्यावर पांढरा थर बसतो. तो थर फिल्टरच्या आत बसला आणि महिन्या-दीड महिन्यात पाणी थेंब थेंब येऊ लागलं. सगळ्यात आधी आली ती आक्कांची नणंद. फुलंब्रीकडून एसटीने, फिल्टर मांडीवर घेऊन. दारातच तिने तो आक्कांच्या पायाशी ठेवला. "वयनी, ही घे तुझी हमी. ल्योक म्हंतो, आटत आलेली शेळी बरी, ह्याच्याहून जास्त दूध देती."

आक्कांनी फिल्टर उचलून बाजूला ठेवला. आत गेल्या, स्वतःचा नवा ड्रम रिकामा केला आणि नणंदेच्या हवाली केला. मग दुसरी आली, तिसरी आली. जिचा फिल्टर परत येईल तिला ड्रम. कमिशनचे आलेले पैसे त्यातच गेले. मी समजावलं, "आक्का, माल कंपनीचा आहे. आपण फक्त लिंक दिली."

"मॅडम, आमच्यात मधी पडून कुनाला मेंढरू घेऊन दिलं आन् ते दुखणाईत निघालं, तर ज्यानं शब्द दिला त्यानं आपल्या कळपातलं चांगलं मेंढरू सोडायचं. तवर त्यानं बाजारात तोंड उघडायचं नाय."

"पण लिंक—"

"लिंक तुझी आसंल. तोंड माझं व्हतं."

 मी निखिलला फोन करून तो व्हिडिओ काढायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, वही तो चल रहा है!" तासाभरात आमच्या फोनवर पेज उघडेना. त्याने आम्हा दोघींना काढून टाकलं होतं.

तो एवढ्यावर थांबला असता, तर मी ही गोष्ट लिहिली नसती. त्याने आक्कांचे जुने व्हिडिओ कापले आणि त्यांचं ते वाक्य, "घ्या, माझी हमी," हव्या त्या वस्तूला चिकटवलं. कूलरला, मोटरीला, डोक्याच्या तेलाला. आक्का पडेगावात शेळ्यांना पाला टाकत असायच्या आणि त्यांचं तोंड जिल्हाभर कसला कसला माल विकत असायचं. बहिणीच्या गावी लग्नाला गेल्या, तर मांडवात बायका कुजबुजल्या, "हमी आली, हमी." एका म्हातारीने त्यांनी वाढलेल्या लाडवाकडे बघून विचारलं, "ह्यो तरी तूच केलास ना?" सगळ्या हसल्या. आक्का जेवल्या नाहीत. चार पिढ्या ज्या घराच्या शब्दावर बाजारात जनावरं हलली, त्या घराचं नाव आता चेष्टेला झालं होतं.

परत आल्या त्या थेट माझ्याकडे. "लाव त्याला फोन." मी लावला.

"निखिल साहेब," आक्का म्हणाल्या, "आपण बरे आहात ना? आई बऱ्या आहेत? ऊन फार आहे, काळजी घ्या." फोन ठेवला. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

आम्ही दुसरं पेज उघडलं; या वेळी नंबर आमचा, पासवर्ड आमचा. पद्धत सोपी ठेवली. निखिलने नवीन काही विकायला काढलं, की ते कोणी घेतलं आहे याचा मी शोध घ्यायचा, वस्तू उसनी आणायची आणि आक्कांनी गच्चीवर सगळ्यांसमोर ती आमच्या बोअरच्या पाण्याने चालवून दाखवायची. सुरुवातीला त्याने कापलेला तुकडा, "घ्या, माझी हमी." मग आक्का समोर यायच्या. "ही मीच. आता ह्यो माल बघा." निखिलचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

कूलरमध्ये कळशीमागून कळशी ओतून त्या म्हणाल्या, "ह्यो कूलर नाय, ही म्हैस हाय. पाणी पिती आन् नुसती फुरफुरती." मोटर धूर सोडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "आंघोळीला नाय, अगरबत्तीला घ्या." आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सांगायच्या, "ह्याच्यावर मला कमिशन नाय. ड्रमवर हाय. घ्या, नायतर नका घेऊ." क्लासात आम्हाला बजावलं होतं, कमिशनचं लोकांना सांगायचं नाही. उलट ते सांगितल्यावरच लोक पुन्हा आमचं ऐकू लागले.

नव्या बॅचचं मोफत सेमिनार असलं, की आक्का गुलमंडीत जिन्याच्या पायरीवर फिल्टर मांडीवर घेऊन बसायच्या. वर जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या, "या, पाणी घ्या ना. आपल्या सरांचाच फिल्टर आहे." मग तोटी सोडायच्या. थेंब पडेपर्यंत माणूस उभा राहायचा, आणि उभा राहिला की विचारायचा. खालच्या कापडवाल्या चाचांना ही गर्दी फार आवडली. "आक्का, रोज आया करो. तुम्हारे बहाने मेरा माल बी देख लेते लोगां." त्या माणसांमध्ये वर जाणारे कमी आणि टॉवेल घेऊन घरी जाणारे जास्त असायचे. मी समोरच्या ओट्यावरून बघायचे. इतकं समाधान मला पगारवाढीनेही झालं नव्हतं.

निखिल पुढच्या वर्षी मे महिन्यात आला. ब्लेझर नव्हता. आक्कांनी त्याला खुर्ची दिली.

"आक्का, माफ करा. पेज परत घ्या. पूरा घ्या. फक्त ते व्हिडिओ काढा आणि मला एवढं म्हणू द्या, की ही माझी स्टुडंट. बॅचला दाखवायला दुसरं काही नाही माझ्याकडे."

"आधी पेज द्या साहेब," आक्का म्हणाल्या.

त्याने नंबर बदलला, पासवर्ड बदलला. मी एक एक पायरी तपासली. सगळा जिल्हा त्या पेजवर होता. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक माझ्या डोक्यात तयार झालंसुद्धा.

"मॅडम, आता हे समदं आपलंच ना? ह्यांना काय करता येनार नाय?"

"काही नाही."

"मंग पुसायचं कसं ते सांग."

"फिल्टरचा व्हिडिओ ना? हा बघा, इथं—"

"त्यो नाय. समदं."

निखिल खुर्चीवरून उठला. "आक्का, पागल झाल्या का? इतने लोग हैं इसपे!"

"लोकं हायेत म्हनूनच, साहेब. त्यांच्या घरात माझं तोंड तुमचा माल इकतंय."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ड्रम ठेवू या, बादली ठेवू या, ती आपली खरी मेहनत आहे. आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ड्रम ज्या तोंडानं इकला, फिल्टर त्याच तोंडानं इकला. कापू कुठनं?" मग स्वतःच बोट फिरवत फिरवत त्यांनी ते बटण शोधलं. नक्की का, असं फोनने विचारलं. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि "व्हय," म्हणून दाबलं.

"मी आता बॅचला काय दाखवू?" निखिलने विचारलं.

"फिल्टर हायेत की परत आलेले. पोत्यात भरून देऊ का आपल्याला?"

तो गेला. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दोनदा बंद पडली. आक्का ते ऐकत उभ्या होत्या. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पेज माझंही होतं. त्यांनी समजूत काढली नाही. फक्त रविवारी त्या शेळीबाजारात गेल्या आणि संध्याकाळी येऊन दारातूनच म्हणाल्या, "आज एकाला मधी पडून शेळीची पाट दिली घेऊन. त्यानं लगेच घेतली, मॅडम. इचारलंबी नाय काय." तेव्हा मी चहा टाकला.

पुढे आम्ही दोघींनी ते दुसरं, लहान पेज बरीच वर्षं चालवलं. वापरलेलंच सांगायचं, कमिशन सांगून टाकायचं. आता शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी नंबर कुणाचा आहे ते विचारते, बाकी सगळं नंतर.

गेल्या थंडीत आक्कांचं दुखणं वाढलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपल्या आहेत.

"त्यो निखिल काय इकतोय आता?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मला माहीत होतं. तो पुण्यात आहे, नाव बदललंय, ब्लेझर पुन्हा अंगात आहे. "गीझर," मी म्हटलं.

आक्कांनी थोडा वेळ श्वास गोळा केला. "कुनी घेतलाय का बघ आपल्याकडं."

तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दिवसकार्य आटोपल्यावर मी चौकशी करत बसले नाही. गीझर स्वतःच मागवला. काल आला. गच्चीवर बसवला आहे, बोअरचं पाणी जोडून दिलं आहे, आणि उद्या सकाळी उजेड चांगला असेल.