देवचारापुढे कोळसा

"इथे फिनेल टाक," साहेब गड्याला म्हणाला.

मी अजून पायरीवरच उभी होते. माझ्यादेखत गड्यानं बादली ओतली. फिनेलचं पांढरं पाणी माझ्या पायांच्या बोटांमधून खाली गेलं. हातात सूप. सुपात सुके बांगडे, आणि बांगड्यांवर कोळशाची काळी पूड. तीच दाखवायला मी बंगल्यावर गेले होते.

साहेबानं नाकाला रुमाल लावला होता. म्हणाला, "बाई, कोळशाला वास येत नाही. वास तुम्हाला येतो."

गडी फिस्सकन हसला. गडी आमच्याच वाडीतला. त्याचं हसणं जास्त लागलं.

माझी जीभ काही लहान नव्हे. बाजारात गिऱ्हाईक माझ्या तोंडाला लागत नसे. पण त्या दिवशी सूप सावरलं आणि मागच्या दारानं निघाले. आम्हांला पुढच्या दारानं जायची मुभाच नव्हती.

गोवा सुटला त्याच्यानंतरची ही गोष्ट. आत डोंगरात लोखंडाची खाण निघाली होती, साहेब त्याच खाणीचा. तिथल्या बॉयलरला कोळसा लागे. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकायची, पडावांतून कोळसा किनाऱ्यावर यायचा, आणि तिथून बैलगाड्यांनी डोंगरात. ढीग टाकायला त्यांना जागा कुठली सापडली? आमच्या खळ्याच्या नाकासमोर. खळं म्हणजे वाडीतल्या बायका मासळी सुकवतात ती सारवलेली जमीन. दुपारचा खारा वारा सुटला की ढिगावरची पूड उठायची आणि आमच्या बांगड्यांवर, सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, येऊन बसायची. घाटावरचा व्यापारी आला, त्यानं एक बांगडा उचलून धोतराला पुसला. धोतरावर काळा पट्टा. हात जोडून निघून गेला मेला. त्या हंगामात परत फिरकला नाही.

माझा नवरा मचव्यावर खलाशी. वर्षातले चार महिने काय तो घरी. बाकीचे दिवस मी, सासू आणि ते खळं. खळ्यावरच आमची चूल पेटायची. खळं गेलं तर आम्ही गेलो, इतका सरळ हिशेब.

खळ्याचा कागद मात्र कुणाकडेच नव्हता. सासूच्या सासूपासून आम्ही तिथं मासळी घालत आलो, हाच कागद. साहेबाला आता ती जागाही हवी होती, गाड्यांचा रस्ता करायला. सरकारी कचेरीतून त्याला सांगितलं होतं म्हणे, की गावाची हरकत नसली पाहिजे.

आणि मग साहेब एकाएकी गोड झाला. वाडीचा राखणदार देवचार, त्याच्या घुमटीला चुना लावून दिला. वाडीत गूळ वाटला. मला रस्त्यात बघून हसला! ज्याला माझा वास येत होता तो हसला, तेव्हाच मी सावध झाले. सासूला म्हटलं, "आये, ह्यो गूळ माका बरो दिसणा नाय."

"तुका मेल्याचा काय बरा दिसता?" सासू म्हणाली. "गप रव. फुकटचो गूळ काय चावता?"

माझा दीर भिकू तेव्हा साहेबाकडे मुकादम झाला होता. पायात चपला आल्या होत्या. तो घरी सांगत आला, उद्या देवचाराकडे गाऱ्हाणं आहे, साहेब नारळ देणार आहे, सगळ्या वाडीनं यायचं. बायकांनीसुद्धा.

बायकांनीसुद्धा? एरवी बायका मागे उभ्या राहिल्या काय आणि घरी राहिल्या काय, कुणी ढुंकून बघत नसे. मला रात्रभर तेवढ्याच शब्दानं पोखरलं.

गाऱ्हाण्याची रीत अशी, की म्हातारा घाडी गावाच्या वतीनं देवापुढे मागणं घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं. कुणी कान देऊन ऐकत नाही. घाडीचा स्वर वर गेला की तोंडातून आपोआप 'व्हय म्हाराजा' निघतं. चालतं मूल निजेतसुद्धा म्हणेल. आणि देवचारापुढे एकदा हो म्हटलेलं कुणी मागे घेत नाही. घेतलं तर दर्यावर गेलेला माणूस परत येत नाही, अशी आमची भीती.

साहेबानं बूट काढले होते. अनवाणी वाळूत उभा होता. पांढरे, मऊ पाय.

घाडीनं नारळ हातात धरून सुरू केलं. "बा देवचारा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यावर गेले झील सुखरूप घराक हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. जीव ओतून म्हटलं. माझा नवरा दर्यावरच होता.

मग भिकूनं साहेबाकडे बघून मान हलवली. साहेबाला आमच्या बोलीतलं एक अक्षर कळत नसे. पण त्यानं नेमकी तेव्हाच मान वर केली.

"खळ्याची जागा आमी आमच्या खुशीन सायबाक दिली आसा. तेच्यात जो कोण आडो येयत, तेका तू बघून घे म्हाराजा!"

माझं तोंड व्हय म्हणायला उघडलेलं होतं. आवशीचो घो! त्याच तोंडातून ओरडले, "नाय म्हाराजा!"

लोकांचं व्हय अर्धं बाहेर आलं आणि अडकलं. घाडीचा हात हवेतच राहिला. कुणीतरी म्हणालं, "बायलमाणूस मधी बोलला!" भिकूनं माझा दंड धरून ओढला. "आमची भाकरी मोडतंस तू!"

"भावोजी, आयजीच्या जिवावर बायजी उदार? खळां तुझा न्हय," मी म्हटलं. "तेच्यावर शेण कोणी घातला? तू?"

"काय म्हणते ही?" साहेबानं विचारलं. कुणी सांगेना. म्हणून मीच त्याच्या मराठीत सांगितलं, "जागा दिलेली नाही, असं म्हणते. वाडीला फसवून देवापुढे हो म्हणवून घेताय, असंही म्हणते."

घाडीनं नारळ खाली ठेवला. "गाऱ्हाणा मोडला. आता माका ह्यो नारळ फोडूक येवचो नाय," एवढंच तो बोलला. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. एकही बाई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली नाही. सासूनं घरी आल्यावर माझी भांडी पडवीत काढून ठेवली. "माझो झील दर्यार आसा," ती रडत म्हणाली. "तेका काय झाला तर तुका सोडूचंय नाय." मला तिचा राग आला नाही. भीती मलाही होतीच. पण मी देवचाराला खोटं सांगितलं नव्हतं. खोटं सांगायला त्यांनी माझं तोंड वापरायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या आल्याच. मोडलेल्या गाऱ्हाण्याची साहेबाला कसली भीती! मी आधीच खळ्यावर गेले होते. मासळी पसरली होती. कुणी विकत घेणार नाही हे माहीत असून पसरली होती, आणि मधोमध बसले होते.

"उठ गो, बैल बुजतीत," पहिला गाडीवान म्हणाला.

"हाकल," मी म्हटलं.

त्यानं कासरा ओढला. मागे गाड्यांची रांग लागली. साहेब छत्री घेऊन लांब उभा होता. जवळ यायला त्याला मासळी तुडवावी लागली असती.

खाण पाहिजे, कारखाने पाहिजेत, देश मोठा झाला पाहिजे, कोण नाही म्हणतो? पण माझ्या खळ्यावरून जायचं असेल तर मला विचारायचं. शुद्धीवर असताना, तोंडावर, माझ्या बोलीत. आणि मी नाही म्हटलं तर ते नाहीच.

गाडीवानानं पुन्हा हाक दिली. मी एकेक बांगडा उलटा करायला घेतला. घाई केली नाही. मला तिथून उचलायला त्यांना हात लावावा लागणार होता, आणि मी उठणार नव्हते.