रविवारी गवत कापणारा माणूस

निवृत्त होताना माझ्या नवऱ्याने, ओर्टविनने, मला वचन दिलं: आता विमान कंपनी नाही, बैठका नाहीत, बॅग नाही. मी ते खरं मानलं. एवढा संसार करूनही बाई इतकी भाबडी राहू शकते.

हा ब्रेमेनच्या मालवाहतूक कचेरीत शिकाऊ म्हणून लागला. मग कैरोची शाखा, लिस्बनची तिकीटविक्री, फ्रँकफुर्टला वेळापत्रकाचा प्रमुख आणि शेवटी, सुट्टीवाल्यांना उन्हात नेऊन सोडणाऱ्या एका विमान कंपनीचा संचालक. प्रत्येक बढतीला घर बदललं. जुने पडदे नव्या खिडक्यांना कधी पुरले नाहीत. मी जाईन तिथे शाळेत भूगोल शिकवला. फ्रँकफुर्टजवळ माइन नदीकाठचं हे घरही त्याच्याच हट्टाचं; विमानं उतरायला येतात ती थेट आमच्या कौलांवरून.

घरी बसल्यावर त्याने आधी बरण्या लावल्या, मग माझा दिवस लावायला घेतला.

"गेर्लिंडे, बेकरीत आठला कशाला जातेस? साडेसातला रांग नसते."

"रांगेतच मला गाव कळतं. तू झोप."

झोपतोय कसला. लाइपझिगची एक नवी, छोटी विमान कंपनी त्याला कामाला बोलावत होती. फोनवर तो 'नाही' म्हणायचा आणि ठेवल्यावर अंगणात येरझाऱ्या घालायचा. तो जाईल या धास्तीने मीही खिडकीतून हलायची नाही.

जूनमधल्या एका रविवारी, बटाटे आणि शतावरीचे उकडलेले कोंब अजून टेबलावर असताना, बाहेर गवत कापायचं यंत्र घरघरलं. जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी; कुणी भिंतीत खिळाही ठोकत नाही. शेजारच्या श्टोक्लाइनबाई कुंपणाशी हजर; ओर्टविनला त्या आडनावानेच हाक मारतात.

"हाबरलांटसाहेब, आज वार कुठला?"

"दहा मिनिटांचं काम आहे, बाई. आणि डोक्यावरून विमानं जातात ती चालतात तुम्हाला?"

"ती निदान कुठेतरी जातात. तुम्ही नुसते गोल गोल फिरताय."

ओर्टविनने यंत्र बंद केलं. अर्ध्या कापलेल्या गवतात उभा राहिला. वरून एक विमान गेलं तसा त्याने घड्याळ पाहिलं.

"तुर्कस्तानातून, अंतल्याहून येणारं. आजही उशीर."

मला ते बघवेना.

"लाइपझिगवाल्यांचा फोन आला तर काय सांगणार?"

"नाही म्हणून. तुला वचन दिलंय."

"मला दिलंयस ना? मग मीच सोडते तुला त्यातून."

"चिडलीयस तू."

"चिडलेय. तरी जा. आठवड्यातले तीन दिवस त्यांना दे. उरलेले चार मी सोसेन."

त्याने यंत्राचा दांडा सोडला. मग हळूच, "बॅग कुठेय?"

"माळ्यावर. आणि ऐक, या वेळी पडदे उतरणार नाहीत. मी इथेच राहणार."

तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. गुडघे दुखतात म्हणे.

उरलेलं गवत सोमवारी मीच कापलं. श्टोक्लाइनबाईंनी कुंपणावरून रुबार्बच्या केकची ताटली पुढे केली.

"गेले का?"

"उद्या जातोय," मी म्हटलं. "आज माझ्या इस्त्रीला नावं ठेवतोय."