तिसऱ्या खंडातली गाळलेली पानं

ही हकिकत मी अनेक वर्षं टाळली. आमच्या वाचक मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला लिहायला सांगितलं, तेव्हाही मी बैठकीनंतरच्या भेळीवर लिहून मोकळा झालो. लोकांना ते आवडलं. आता त्या बैठकींना येणारे फार थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यातही सरांचा विषय निघाला की कुणीतरी हळहळून म्हणतं, शेवटी शेवटी सरांचं वाचनातलं लक्षच उडालं होतं. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे आता उरलेल्यांत फक्त मला ठाऊक आहे.

सरांनी मला शाळेत मराठी शिकवलं. पुढे मी सरकारी कचेरीत लागलो, पण राहायला नारायण पेठेतच होतो, त्यांच्या समोरच्या इमारतीत. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. मुलगी नोकरी करणारी, तिला संध्याकाळी उशीर होई. मी आपणहून म्हणालो, "सर, मी वाचून दाखवत जाईन."

"तुझं वाचन मी वर्गात ऐकलंय," सर म्हणाले. "तरीपण ये."

पुस्तक त्यांनीच निवडलं. अद्भुत कादंबऱ्यांची ती जुनी मालिका. नाव लिहीत नाही, ज्यांनी वाचली आहे त्यांना घड्याळं म्हटलं की पुरे. दरीत खचत चाललेलं एक नगर, त्याच्या मध्यभागी काळ्या दगडाचा मनोरा, आणि मनोऱ्यात मेलेल्या प्रत्येक राजाचं घड्याळ अजून चालू. रोज त्यांना किल्ली द्यायची एवढंच त्या राजघराण्याचं काम. भीती वाटावी असं त्यात फारसं घडत नाही. भीती असते ती वाक्यांत. एका जिन्याचं वर्णन दोन पानं चालतं, आणि ते संपेपर्यंत आपल्याला त्या जिन्यातला बुरशीचा वास येऊ लागतो.

सरांना हेच हवं असे. मी वाचत असताना ते हात वर करत. "थांब. ते वाक्य परत. घाई कसली? राजा मेलेलाच आहे, कुठे जातोय तो?"

पहिले दोन खंड मी नीट वाचले. तिसऱ्यापर्यंत मी कंटाळलो होतो. मला पुढे काय होतं ते हवं होतं, कचेरीतून दमून आल्यावर जिन्यांची आणि पडद्यांची वर्णनं नको होती. आधी एखादं विशेषण गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वाक्य, मग परिच्छेद. नंतर मी वर्णन दिसलं की सरळ पानंच उलटू लागलो. निघताना सर पुस्तक हातात घेऊन कुठवर आलो ते बोटानं चाचपून बघत. "आज बरंच झालं की रे," म्हणत. शाबासकी दिल्यासारखं. आणि मी ती घेत असे.

मंडळ महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरे. आमची एक रीत होती, आधी उतारा, मग मत. पुस्तकातला आवडलेला मजकूर वाचून दाखवल्याशिवाय कुणी मत द्यायचं नाही. सरांचा उतारा त्यांच्या वतीनं मी वाचत असे. तिसऱ्या खंडाच्या बैठकीत सरांची पाळी आली आणि ते म्हणाले, "माझा उतारा नाही. या खंडात थांबावं असं काही सापडलं नाही. लेखक दमला. नुसता धावतो आहे."

मंडळात बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, जिभेनं धारदार. त्या म्हणाल्या, "अहो सर, आपण तिसराच खंड वाचलात ना? की कुणी येता-जाता गोष्ट सांगितली?"

सगळे हसले. सरही हसले. मग बाईंनी रीतीप्रमाणे आपला उतारा काढला. घड्याळांच्या दालनाचा. राणी अंधारात एकेक घड्याळ नुसत्या आवाजावरून ओळखते, आणि आपल्या मुलाच्या घड्याळापाशी येऊन किल्ली न देताच उभी राहते. बाई वाचत होत्या आणि मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नवं काही ऐकताना त्यांची मान किंचित कलत असे, तशी ती कलली.

"हे याच खंडात आहे?" त्यांनी विचारलं.

"मधोमध," बाई म्हणाल्या.

सरांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे माझा डोळा लागला असणार. यानं वाचलंच असेल." आणि मान माझ्या दिशेला वळवली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. सर संध्याकाळी जरा थकलेले असतात."

घरी जाताना त्यांनी माझा दंड धरला होता. लक्ष्मी रस्ता ओलांडल्यावर म्हणाले, "झोपलो तर उठवायचं की रे."

त्यानंतर त्यांनी मंडळात मत देणं सोडलं. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "माझं काय ऐकता, मी अर्ध्यात झोपतो." ज्या माणसानं आम्हाला वाक्यापाशी थांबायला शिकवलं, त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. काही दिवसांनी माझं वाचनही त्यांनीच थांबवलं. "तुझा वेळ जातो," एवढंच म्हणाले. पुढे मुलीनं कर्वेनगरला घर घेतलं आणि ते तिकडे गेले.

मी गेलो तो फार उशिरा. पिशवीत तिसरा खंड होता. सगळं सांगायचं आणि गाळलेलं पान न् पान वाचून दाखवायचं, असं ठरवून गेलो होतो. मुलीनं दार उघडलं. आत बँकेतल्या बाई वाचत होत्या. समोर सर एका लाकडी स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

"खुर्ची नको म्हणतात," मुलगी हळूच म्हणाली. "टेकलं की झोप लागते म्हणे. मी तर त्यांना बसल्या बसल्या झोपलेलं कधी पाहिलं नाही."

सरांनी माझा आवाज ओळखला. "ये. तिसरा खंड परत चाललाय. तुझ्या वेळी मी झोपा काढल्या, तू बिचारा घसा सुकवत होतास."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलेलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या पुढचं वाक्य वाचू लागल्या. मी चहा घेतला, पिशवी मांडीवर तशीच ठेवली आणि निघालो. पुन्हा जाईन म्हणालो होतो. त्याआधीच सर गेले.

त्या दिवशी त्या स्टुलासमोर मला एवढंच म्हणायचं होतं: सर, खुर्चीत बसा, मागे टेका. तुम्ही एकदाही झोपला नव्हतात. पानं मी गाळली. मला माफ करा.