दुधी रंगाची सीट

आमच्या गल्लीत ‘पारखी काका’ राहतात. हे नाव लोकांनी ठेवलेलं नाही. ‘मी पारखी माणूस’ असं त्यांनीच इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी आम्हीही कंटाळून म्हणायला लागलो. तीस वर्षं कापडगिरणीत रंग तपासायची नोकरी. तागा उजेडात धरायचा, मान हलवायची, पास नाहीतर नापास. रिटायर झाले तरी मान काही थांबली नाही. भाजीवाल्याच्या टोमॅटोपासून शेजारच्या सुनेच्या ओढणीपर्यंत सगळ्यांना नापास करत हिंडायचे.

गेल्या वर्षी त्यांनी कुठूनसा गवत कापायचा जुना, छोटा ट्रॅक्टर आणला. सहा महिने गंज घासला, पत्रा ठोकला, हिरवा रंग मारला. राहिली सीट. ती घेऊन माझ्या दुकानात आले. मी गाड्यांच्या सीटा शिवते, बावीस वर्षं.

“मूळ रंग हवा. अगदी तोच.”

मी काठाची शिवण उसवली. आत दुमडलेल्या पट्टीला ऊन कधी लागलेलं नसतं, खरा रंग तिथेच सापडतो. निघाला दुधी, सायीसारखा. तसलंच रेक्झीन काढून मी शेजारी ठेवलं. दोन्ही इतकी जुळत होती की सांधा कुठे ते बोटानं चाचपावं लागलं असतं.

काकांनी मान हलवली. “पिवळं आहे.”

“काका, पट्टीसुद्धा तशीच आहे की.”

“पट्टी जुनी, पिवळी पडलीये. तुझा दोष नाही गं. नजर काही दुकानात बसून येत नाही.”

पुढे आठवडाभर मी तुकडे दाखवत होते आणि ते नाक मुरडत होते. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा पांढरा. शेवटी न्हाणीघरातल्या फरशीसारखा पांढराफटक तुकडा पाहून ते खूश झाले. “हा! याला म्हणतात दुधी.” मी शिवून दिली सीट. हिरव्या ट्रॅक्टरवर कुणी कमोडचं झाकण बसवल्यासारखी दिसत होती. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक तोंडावर हात ठेवून हसले. काका घरी येऊन म्हणाले, “अडाणी लोक! रंगातलं ओ की ठो कळत नाही.”

मग चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही बऱ्याच वर्षांचा; त्यानं पांढरंही पिवळट दिसतं. ऑपरेशनं झाली. महिन्याभरानं काका काळा चष्मा लावून, सीट बगलेत मारून दुकानात हजर.

“तुझं रेक्झीन हलकं निघालं. बघ, कसं पांढरं पडलंय.”

मी जुनी पट्टी आणि पहिला तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. ते दोन्ही घेऊन दारात गेले, चष्मा काढून उन्हात कितीतरी वेळ बघत राहिले. या खेपेला मान हलली नाही.

“हे शिव,” म्हणाले, आणि चालते झाले. चुकलो म्हणायला जीभ वळली नाही.

सीट न्यायला काकू आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, मग हळूच म्हणाल्या, “धड जेवत नाहीत गं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी यांनी एका रंगाऱ्याचा माल तीनदा परत पाठवला होता. पिवळट आहे म्हणून. तो बिचारा ओरडून सांगत होता, साहेब, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. यांनी वर तक्रार केली. त्याला काढून टाकलं. आता मलाच विचारतात, तो बरोबर असेल का?”

“असेल का काय, काकू? होताच.”

“मीही तेच म्हटलं. जाऊन भेटा त्याला, म्हटलं. तर म्हणतात, पत्ता कुठाय?”

हल्ली काका रोज सकाळी ट्रॅक्टरवर बसून अंगणातलं वीतभर गवत कापतात. येणारेजाणारे थांबून म्हणतात, काय सुरेख रंग जुळलाय! काका म्हणतात, “नजर लागते त्याला.” रंगाऱ्याचा पत्ता अजून मिळालेला नाही. गिरणी इथून चालत दहा मिनिटांवर आहे.