ज्या पत्रकानं अण्णा गप्प झाले

जन्मभर बुद्धवंदना म्हणत आलेल्या माणसाला चार लोकांत उच्चार शिकवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मला कुणीच दिला नव्हता. मी घेतला.

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मोटारसायकलवरून सास्तूरच्या स्टँडवर सोडलं. गावातून कुणीही निघालं की ते त्याच्यासाठी त्रिशरण म्हणायचे. माझ्या वेळी मात्र एसटी लागेपर्यंत बॅगेची चेन बघत राहिले. "नीट ऱ्हा गं," एवढंच.

कारण आदल्याच रविवारी मी विहारात पत्रक वाटलं होतं: 'पाली शुद्ध म्हणा.' पत्रकं वाचतच मी वाढले. चूक दिसली की छापायची, एवढंच मला कळायचं. पंचशीलातल्या 'वेरमणी'चं अण्णा 'वेरमनी' करायचे. पत्रकात पहिलं उदाहरण तेच. वर वंदना मध्येच थांबवून मी त्यांना तो शब्द तीनदा म्हणायला लावला. पोरं हसली. पुढं बसलेले अण्णा उठून मागच्या सतरंजीवर जाऊन बसले.

पुण्यात रूममेटनं मला चर्चच्या क्वायरमध्ये ओढलं. देव मी मानत नाही, पण सगळे मिळून गातात तेव्हा माझ्या डोक्यातली भांडणं थांबतात. तिथं लॅटिन गातात. पहिल्याच रविवारी 'पाचेम'ला मी मोठ्यानं 'पेसम' म्हटलं. शिकवणाऱ्या मेरीबाईंनी हाताचा ताल मोडला नाही. गाणं संपल्यावर शेजारी बसल्या. "पाचेम म्हण बाळ, म्हणजे शांती. माझ्या आजीला तरी कुठं येत होतं! पण ती गात राहिली, म्हणून आम्ही गातो."

चर्चच्या पायरीवरूनच मी घरी फोन लावला, माफी मागितली. अण्णा हसले. "अगं, तुझंच बरोबर हाय. माझी जीभ न्हाय वळत आता. पोरं म्हणत्यात की लई शुद्ध."

ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. आई सांगते, "शेतात एकटे असले की वंदना म्हणत्यात, पर मी दिसले की गप व्हत्यात." चूक कबूल करणारं दुसरं पत्रक मी छापून पाठवलं. विहाराच्या भिंतीवर अजून पहिलंच आहे.

घर म्हणजे आता मला तो एक आवाज, आणि तो इथून मला उठवता येत नाही. गावातल्या माणसांनो, सुट्टीला गावी जाणाऱ्यांनो, येत्या रविवारी अण्णांना हाताला धरून पुढं बसवा. ते म्हणतील तसंच त्यांच्या मागोमाग म्हणा. शेवटपर्यंत कुणी मध्ये बोलू नका.